टुंड्राचे ब्रेक टॅकोमाला: सात महिने वापरून झाल्यावर

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीक या डोंगरावरून खाली येताना ग्लेन कोव्ह नावाच्या ठिकाणी सगळ्या गाड्या थांबवतात. एक रेंजर बाई हातात तापमान मोजायची बंदूक घेऊन उभी असते. ती वाकून पुढच्या चाकावर लाल ठिपका मारते आणि आकडा बघून हसते किंवा हसत नाही. गेल्या जूनमध्ये माझ्याकडे बघून ती हसली नाही. "सर, त्या बाजूला लावा. अर्धा तास." तीनशे फॅरनहाइटच्या वर गेलं की थांबावं लागतं, म्हणजे आपल्या हिशेबात दीडशे सेल्सिअस. माझा आकडा चारशेच्या पुढे होता.

शेजारच्या सीटवर आबा, म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गूळ भरून गगनबावड्यावरून करूळ घाटाने कोकणात उतरवायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. शेवटची सगळी वर्षं टाटा 407 वर. वरून निघाल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. फक्त त्यांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबलेला होता, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो.

"काय म्हनली ती?"

"ब्रेक तापलेत म्हणाली."

"मग बरोबर म्हनली." एवढं बोलून ते खाली उतरले आणि डोंगर बघत उभे राहिले.

त्या अर्ध्या तासात मी ठरवलं की ब्रेक बदलायचे. आबांचं मत होतं की ड्रायव्हर बदलायचा. दोघांचंही थोडंथोडं बरोबर निघालं.

आधी गाडी सांगतो. 2001 ची टोयोटा टॅकोमा पिकअप, एक्स्ट्राकॅब, 3.4 लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ऑटोमॅटिक, फोर-व्हील-ड्राइव्ह, सोळा इंची चाकं. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी सोय, नाही. हिंदुस्थानात ही गाडी विकलीच गेली नाही. 2022 पासून तिकडे हायलक्स मिळते, तिची ही अमेरिकेतली चुलत बहीण म्हणा. कंपनीने दिलेल्या अवस्थेत तिच्या ब्रेकबद्दल माझी तक्रार नाही. पण माझी गाडी त्या अवस्थेत राहिलीच कुठे? मागच्या हौद्यावर टोप बसवलाय, आत लाकडी कप्पे, पाण्याची टाकी, झोपायचं सामान. टायर मूळपेक्षा मोठे. वजन वाढवत गेलो आणि थांबवायची सोय होती तेवढीच ठेवली. त्यात भर म्हणजे मुलगी सोळाची झाली, लर्नर्स परमिट आलं, आणि तिला शिकायला हीच गाडी हवी.

या पिढीच्या टॅकोमावाल्यांमध्ये एक जुना, सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे. टोयोटाचीच थोरली पिकअप म्हणजे टुंड्रा. तिच्या पहिल्या पिढीचे, 2000 ते 2006 मधले, पुढचे कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून धरणारे चिमटे, टॅकोमाच्या नकलला (चाकामागचा, कॅलिपर ज्यावर बसतो तो भाग) जसेच्या तसे बसतात. तेच दोन बोल्ट, तीच भोकं. वेल्डिंग नाही, मध्ये घालायची पट्टी नाही. त्याच काळातल्या टोयोटा फोररनरलाही हेच चालतं. सोबत टुंड्राच्या डिस्क आणि टुंड्राचे पॅड घ्यायचे, की झालं. निदान सांगताना तरी एवढंच सांगतात.

मूळ कॅलिपरही चार पिस्टनचेच (पॅडला ढकलतात ते) आहेत, त्यामुळे दोनाचे चार झाले असं काही नाही. फरक आकारात आहे. माझी जुनी डिस्क कोरी असताना 22 मिलिमीटर जाड होती. टुंड्राची 28, आणि व्यास 319 मिलिमीटर. दोन्ही हातांत एकेक घेऊन उभं राहिलं की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. ब्रेक म्हणजे काय, तर गाडीच्या वेगाची उष्णता करायची आणि ती कुठेतरी साठवून हळूहळू हवेत सोडायची. तवा जाड असला की भाकरी लगेच करपत नाही, तसंच हे. शिवाय डिस्क मोठी म्हणजे पॅड मध्यापासून लांब धरतो, त्यामुळे त्याच दाबात पकड जास्त मिळते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण विकणारे ती सांगत नाहीत. मोठे ब्रेक लावले म्हणून गाडी एका दमात कमी अंतरात थांबते असं नाही. जुन्या ब्रेकनेही जोरात दाबलं तर माझी चाकं लॉक व्हायची. चाक लॉक होत असेल तर पुढचा हिशेब टायर आणि रस्त्याचा, ब्रेकचा नव्हे. नवे ब्रेक उपयोगी पडतात ते पाचव्या, दहाव्या, विसाव्या वेळी दाबताना, म्हणजे घाटात. तुमची गाडी सपाट गावात भाजी आणायला जात असेल तर हे पैसे टायरवर घाला.

आता खरेदी. टुंड्राच्या कॅलिपरचे दोन प्रकार आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. कॅलिपरच्या अंगावर ओतीव अक्षरं असतात: एकावर 13डब्ल्यूई, दुसऱ्यावर 13डब्ल्यूएल. डब्ल्यूएल मोठा, त्याचे पॅडही मोठे, आणि दोघांचे पॅड एकमेकांना चालत नाहीत. मी डब्ल्यूएलची जोडी मागवली, कारखान्यात उघडून नवे सील घालून पुन्हा जोडलेली. एकाचे 94 डॉलर. त्यावर प्रत्येकी 60 डॉलर 'कोअर चार्ज', म्हणजे जुना कॅलिपर परत दिला की मिळणारी अनामत. सोड्याच्या बाटलीसारखं. फक्त इथे बाटली त्याच जातीची लागते; माझे टॅकोमाचे जुने कॅलिपर त्यांनी घेतले नसते.

यावर तोड म्हणजे भंगारयार्ड. गावाबाहेर मोडीत निघालेल्या गाड्यांचं मैदान आहे. दोन डॉलर देऊन आत जायचं, आपले पाने आपण न्यायचे, हवं ते आपल्या हाताने उघडायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. आपल्याकडच्या जुन्या बाजाराची शिस्तशीर आवृत्ती. तिसऱ्या रांगेत एक पांढरी टुंड्रा होती, मागून कुणीतरी ठोकलेली, पुढून शाबूत. सतरा नंबरचा पाना आणि त्यावर चार फुटी नळी घालून लोंबकळलो तेव्हा कुठे बोल्ट हलला. दोन्ही कॅलिपर 27-27 डॉलरला पडले. पिस्टन जाम, गंज चढलेला, पण अनामत सोडवायला काय हवं? 54 देऊन 120 परत आणले. हा भाग मला सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडला, हे कबूल करतो. कोल्हापुरी माणसाला भंगारात फायदा झाला की जेवण चढतं.

बाकी खर्च: डिस्क 68 प्रमाणे दोन, पॅडचा संच 52, ब्रेक ऑइलच्या बाटल्या 18. नंतर माझ्या चुकीमुळे दोन नळ्या घ्याव्या लागल्या, त्या 22. यार्डात शिरायचे दोन डॉलर सोडून सगळं मिळून 470 डॉलर. जवळच्या गॅरेजने कंपनीसारखेच साधे ब्रेक बदलायचे 700 सांगितले होते.

विक्रेत्याचं नाव सांगत नाही, पण पाच ताऱ्यांतला एक कापला तो त्याच्यासाठी. खोकी दोन आली, दोन्हींवर लेबल एकच. एकात डब्ल्यूएल, दुसऱ्यात डब्ल्यूई. मी खोकी आली त्या दिवशी उघडून बघितली नाहीत. शनिवारी सकाळी गाडी घोडीवर चढवली, एक बाजू खोलली, मग दुसरं खोकं उघडलं. फोनवरच्या माणसाचं म्हणणं असं की, "बसतंय ना? मग काय अडचण आहे?" अडचण अशी की एका चाकाला मोठा आणि दुसऱ्याला लहान ब्रेक लावला तर दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढणार. हे त्याला पटवायला वीस मिनिटं आणि बदली यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस माझी टॅकोमा एक पाय वर करून दारात उभी. शेजारी रोज विचारायचा, "अजून?" तर खोकं आलं की आधी अक्षरं बघा, मग सही करा.

बसवण्याचं काम म्हणाल तर अवघड नाही, किचकट आहे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, पण गेली वीस वर्षं हात कीबोर्डवरच. तरी एका दिवसात होईल असं काम आहे, खोकी बरोबर आली तर. चाक काढा, कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, जुनी डिस्क हातोडीचे चार ठोके देऊन ओढा. माझी डिस्क हबला चिकटून बसली होती. डिस्कला दोन आट्यांची भोकं दिलेली असतात, त्यांत बोल्ट सारखे पिळत गेलं की ती स्वतःच बाहेर ढकलली जाते. हे कळेपर्यंत माझी हातोडी आणि शेजाऱ्याची दुपारची झोप, दोन्ही खर्ची पडली.

डिस्कमागे चिखल अडवायचा एक पातळ पत्रा असतो. टुंड्राची डिस्क मोठी, ती त्याला घासते. काही जण तो पत्रा नुसता मागे वाकवतात. माझा पत्रा आधीच इथल्या हिवाळ्याने खाल्लेला होता, म्हणून पत्र्याच्या कात्रीने कडेने बोटभर कापून टाकला आणि कापलेल्या कडेला रंग दिला. पूर्ण काढून टाकू नका. बर्फावर टाकलेली खडी आत उडते.

ब्रेक ऑइलच्या नळीचा नट दहा नंबरचा आहे आणि त्याला साधा पाना लावायचा मोह होतो. लावू नका. नळीच्या नटाचा वेगळा पाना मिळतो, नटाला जवळजवळ पूर्ण मिठी मारणारा. साध्या पान्याने नट गोल झाला की दिवस गेलाच म्हणून समजा. कॅलिपरचे बोल्ट मात्र 123 न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने. अंदाजाने घट्ट करणारे पुष्कळ आहेत. ब्रेकच्या बाबतीत मी त्यांच्यातला नाही.

आता माझी चूक. ऐकून होतो की टुंड्राच्या कॅलिपरला नळी थोडी वाकवावी लागते. त्यामुळे नळी जुळेना तेव्हा मला शंका आली नाही. हाताने हळूहळू वळण देत, चिमटू न देता बसवली आणि स्वतःवर खूश झालो. मग ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला मुलीला आत बसवलं. मागचं उजवं चाक, मागचं डावं, मग मागच्या एक्सलवर वजन बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचाही स्वतःचा निपल (हवा सोडायचा स्क्रू) आहे, तो. शेवटी पुढची चाकं.

"दाब. धर. सोड." असं मी खालून ओरडायचं, तिने वर पेडल मारायचं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पेडल कापसाच्या उशीसारखं.

"बाबा, किती वेळ अजून?"

"हवा आहे आत."

"तर ती वर नाही जाणार का? एअर वर जाते ना?"

मी चाकाखालून निपलकडे बघितलं. निपल खाली होता. उजव्याचा कॅलिपर डावीकडे आणि डाव्याचा उजवीकडे बसवला होता मी. बोल्ट दोन्हीकडे सारखेच बसतात, गाडी तक्रार करत नाही, पण हवा निघायची भोकं खालच्या बाजूला गेली की ती वर अडकून बसते ती बसतेच. म्हणूनच नळी जुळत नव्हती! दोन्ही कॅलिपर पुन्हा काढले. आपापल्या बाजूला गेल्यावर नळीला जेमतेम नावापुरतं वळण लागलं. पण एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाकवलेली नळी ब्रेकसाठी वापरायची नाही, म्हणून नव्या आणल्या. हे 22 डॉलर मुलीच्या भौतिकशास्त्राच्या खात्यावर.

हवा काढल्यावर पेडल घट्ट झालं, पण पूर्वीपेक्षा साधारण अर्धा इंच खाली जाऊन लागतं. बिघाड नाही, हिशेबच तसा आहे. पिस्टन मोठे झाले, तेवढं जास्त ऑइल ढकलावं लागतं, आणि ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच. काही जण तोही मोठा घालतात. मी घातला नाही. पहिल्या आठवड्यात पायाला सवय झाली. आमच्या हिला, म्हणजे बायकोला, मात्र अजून ते पेडल आवडत नाही. ती ही गाडी महिन्यातून एकदा चालवते आणि दर वेळी परत येऊन म्हणते, "पाय आत जातो." तिचं निरीक्षण खरं आहे, तेव्हा तक्रार म्हणून इथे नोंदवतो.

प्रामाणिकपणे आणखी एक. त्याच दिवशी मी मागचे ड्रमही उघडून साफ केले. या गाडीत मागच्या लायनरचं अंतर हँडब्रेक ओढल्यावर आपोआप जुळतं, आणि ऑटोमॅटिक गाडीवाले हँडब्रेक ओढतात कधी? मी चार वर्षांत चार वेळा ओढला असेन. डॅशबोर्डखालचा दांडा ओढ-सोड, ओढ-सोड केल्यावर आतून टिक-टिक येत राहिली आणि अंतर कमी होत गेलं. तेव्हा पेडलचा घट्टपणा किती टुंड्राचा आणि किती या फुकटच्या टिक-टिकीचा, हे मला सांगता येणार नाही. तुम्हाला नुसतं पेडल सुधारायचं असेल तर आधी हे करून बघा.

चाकांविषयी. पंधरा इंची चाक असेल तर विषय संपला, हे कॅलिपर त्यात मावत नाहीत. सोळा इंचीतही सगळीच मावतात असं नाही. माझी अलॉय मावली, स्पोक आणि कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या जातील एवढी जागा उरली. तरी पहिल्या फेरीला टक्-टक् आवाज. चाकाच्या आतून चिकटवलेली तोल साधायची शिसाची वजनं कॅलिपरला लागत होती. टायरवाल्याकडे जाऊन ती बाहेरच्या कडेला सरकवून घेतली. त्याने पैसे घेतले नाहीत, कॅलिपर बघून "टुंड्रा?" एवढंच विचारलं.

नवे पॅड-डिस्क बसवल्यावर त्यांचं एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगाने जायचं, बऱ्यापैकी जोर देऊन वेग उतरवायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न दाबता थंड होईपर्यंत फिरायचं. आमच्या इथे पहाटे पाचला रिकामा रस्ता मिळतो. जळका वास येतो. घाबरू नका.

आता निकाल. मी स्वतःही एक ती तापमानाची बंदूक घेतली. वुडलँड पार्क 8,400 फुटांच्या वर आहे, तिथून हायवे 24 ने मॅनिटू स्प्रिंग्जपर्यंत दोन हजार फूट उतार. ब्रेक बदलायच्या आधी आणि नंतर, हाच रस्ता, हेच सामान, सकाळची वेळ. उतरल्यावर लगेच डाव्या डिस्कच्या त्याच जागी ठिपका. चकचकीत लोखंडावर ही बंदूक खरा आकडा दाखवत नाही, कमी दाखवते, त्यामुळे माझे आकडे फक्त एकमेकांशी ताडून बघायला.

जुने ब्रेक, गिअर डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हमध्ये: 171 सेल्सिअस. नवे ब्रेक, डी मध्ये: 129. फरक चांगला आहे, पैसे वाया गेले नाहीत. पण मी तिसराही आकडा घेतला होता, आबांच्या आग्रहाखातर, ब्रेक बदलायच्या आधी. जुने ब्रेक, गिअर दोनवर ओढून, इंजिनच्या जोरावर उतरलो: 107.

म्हणजे 470 डॉलर घालून जेवढं तापमान उतरलं, त्याहून जास्त एक दांडा मागे ओढून उतरलं. फुकटात! हे मी आबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्यांनी आईला हाक मारली, फोन तिच्यासमोर धरला आणि म्हणाले, "सांग, परत सांग तिला." मग म्हणाले, "आरं, करूळच्या वर ज्या गिअरला गाडी चढंल त्याच गिअरला उतरायची. बिरेक म्हंजे देवाचं नाव. अडचणीत घ्यायचं."

"ऑटोमॅटिक आहे आबा ही."

"मग त्यात गिअर न्हाईत काय?"

आहेत. चार आहेत. नवे ब्रेक आणि दोनचा गिअर एकत्र करून उतरलो तो आकडा 77. ऑक्टोबरात मुलगी चालवायला बसली आणि आम्ही पुन्हा पाइक्स पीकवर गेलो. चढताना याच डोंगरावरच्या ज्या मोटार-शर्यतीबद्दल तिला सांगत होतो, 1916 पासून चालत आलेली, ती वरच्या दिशेनेच असते, उतरायची नाही, यावर ती म्हणाली की हुशार लोक आहेत. उतरताना ती पहिल्यापासून दोनवर, कुठे कुठे एकवरही. मागे एका गाडीवाल्याने हॉर्न दिला, तिने लक्ष दिलं नाही. ग्लेन कोव्हला रेंजरने ठिपका मारला, आकडा बघितला, हात हलवला, जा म्हणाली. एवढंच. थांबायला मिळालं नाही म्हणून मुलगी थोडी नाराज, कारण तिथे दुकानात डोनट मिळतात असं तिला वाटत होतं; ते दुकान वर शिखरावर आहे.

ब्रेक ऑइलचं एक सांगतो. मूळ गाडीला डॉट-3 दर्जाचं आहे. ते कोरं असताना 205 अंश सेल्सिअसला उकळतं, पण हवेतलं पाणी शोषून शोषून ते 140 पर्यंत खाली येतं. डॉट-4 चे हेच आकडे 230 आणि 155. दोन्ही एकमेकांत चालतात. मी चौकटीत राहून डॉट-4 घातलं आणि दोन वर्षांनी बदलायचं असं कॅलेंडरवर लिहिलं. माझ्या गाडीतलं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं होतं. जूनमध्ये ते आत असताना मी चारशे फॅरनहाइटचे ब्रेक घेऊन वडील आणि मुलीला डोंगर उतरवत होतो, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

हिवाळ्यात पुढची चाकं आधी लॉक होतील अशी धास्ती होती, कारण पुढचा जोर वाढला आणि मागचा तेवढाच. पहिला बर्फ पडला त्या दिवशी शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये दहा वेळा दाबून बघितलं. पुढची लवकर सुटतात, हो, पण गाडी सरळ राहते आणि पाय हलका केला की परत धरते. मुलीकडूनही तेच करून घेतलं. एबीएस असलेल्या गाडीचा अनुभव मला नाही.

तिकडच्या वाचकांसाठी: कोलोरॅडोत दरवर्षी गाडीची सुरक्षा-तपासणी नसते, त्यामुळे इथे कुणी विचारत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि आरटीओचा माणूस आहे. शिवाय बोलेरोला स्कॉर्पिओचं किंवा आणखी कशाला आणखी कशाचं बसतं, असं सांगणारे मिस्त्री दर नाक्यावर भेटतील. 'बसतं' म्हणजे 'चालतं' नव्हे. माझा उलटा कॅलिपरही बसला होताच. इथे हे जमलं ते दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, भोकं तीच, आणि इतक्या जणांनी इतकी वर्षं करून बघितलंय म्हणून.

तर पाचपैकी चार. सुट्या भागांना साडेचार, खोकी भरणाऱ्याला दोन, पेडलबद्दल हिचे तीन. सात महिन्यांत एकदाही डिस्क थरथरली नाही, पॅड अजून भरपूर आहेत, गळती नाही. दर सर्व्हिसला कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासतो, हललेले नाहीत.

एक गोष्ट मला जानेवारीत कळली, तीही दारातच, नशीब. हौद्याखाली टांगलेली स्टेपनी लोखंडी रिमची आहे. सहज म्हणून पुढे लावून बघितली तर कॅलिपरला घासून फिरेचना. आता पुढचं टायर पंक्चर झालं तर मागचं अलॉय काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे. म्हणजे रस्त्याच्या कडेला, बर्फात, दोनदा जॅक. ग्लव्ह बॉक्समध्ये तसं चिठ्ठीवर मराठीत लिहून ठेवलंय. मुलीला वाचता येतं का ते अजून विचारलेलं नाही.